पहिलं मांडणशिल्प करताना: नाशिकच्या नवख्यांसाठी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की तासाभरात नाशिककरांच्या सगळ्या ग्रुपवर एकच फोटो फिरायला लागतो. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, आणि त्याच्या कमरेला, छातीला नाहीतर गळ्याला लागलेलं पाणी. गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर आपल्याकडे कुणी मीटरमध्ये सांगत नाही, 'मारुतीच्या गळ्याशी आलंय' एवढं पुरतं. फोटो आला, खबर कळली, तरी संध्याकाळी पुलावर माणसांची रीघ लागतेच. हातातल्या मोबाइलमध्ये तोच मारुती असताना लोक छत्र्या सांभाळत कशाला जातात? तिथे पाण्याचा घोंगावणारा आवाज असतो, गाळाचा वास असतो. एरवी ज्या मारुतीशेजारून आपण मान वर करून गेलेलो असतो, त्याचं फक्त डोकं उरलेलं दिसलं की पाणी केवढं आलंय ते पोटात कळतं.

मांडणशिल्प करायला निघालात तर हा पुलावरचा अनुभव जवळ ठेवा. दिवसाला शेकडो चित्रं आपल्या अंगठ्याखालून सरकतात. त्यात आणखी एका चित्राची भर घालायची असेल तर लोखंड कापण्याची, भिंतीला भोकं पाडण्याची काही गरज नाही. फोटोतून जे पोचत नाही त्यासाठीच एवढा खटाटोप करायचा.

मांडणशिल्प (इंग्रजीत 'इन्स्टॉलेशन') या शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगते. मूर्ती किंवा पुतळा एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला तरी तो तोच राहतो. मांडणशिल्पात वस्तू, त्यांच्यामधली मोकळी जागा, उजेड, आवाज, आत येणाऱ्याची वाट हे सगळं मिळून काम होतं. जागा बदलली की कामही बदलतं. गणपतीतले देखावे पाहत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मंडपाच्या कापडी बोगद्यातून वळणं घेत आत शिरताना वाटणारी उत्सुकता आठवा. तिथून सुरुवात करता येते.

१. आधी बघा, फोन पिशवीत ठेवून

कलाविषयक पुस्तकं नंतर वाचा. पहिल्या रविवारी सकाळी लवकर पांडवलेणीला जा आणि तीन नंबरच्या लेण्यासमोर वीस मिनिटं उभे राहा. चोवीस लेण्यांपैकी हेच का, तर व्हरांड्याच्या तळाशी बघा. तिथे दगडातून खांद्यापर्यंतच वर आलेले धिप्पाड गण आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर तुळया टेकवल्या आहेत. त्यांचं उरलेलं शरीर जमिनीत आहे असं आपण आपोआप धरून चालतो. खरं तर तो सगळा सलग कातळ आहे, कुणी कुणाला उचललेलं नाही, तरी वजन जाणवतं. पायऱ्या चढून तुमचे स्वतःचे पाय भरून आलेले असतात, हेही त्यात धरा. खाली पार्किंगमध्ये उभं राहून मोबाइलवर तेच गण पाहिले तर ते शोभेचे वाटतात. वर गेल्यावर त्यांची दया येते.

वीस मिनिटं झाली की दहा ओळी लिहा. काय ऐकू आलं, कुठे गार लागलं, कुठे वाकावं लागलं. मग एकच फोटो काढा. घरी गेल्यावर ओळी आणि फोटो शेजारी ठेवा. ओळींमध्ये आहे आणि फोटोत नाही, ते वेगळ्या कागदावर उतरवून काढा. हा कागद जपून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीवर लागणार आहे.

दुसरी जागा जुन्या नाशकातली रहाड. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा या भागांत पेशवेकालीन हौद रस्त्याच्या पोटात आहेत. वर्षभर ते फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, त्यावरून रिक्षा जातात, भाजीवाल्या बसतात. रंगपंचमीला ते उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक वरून धप्पा मारतात. मी धप्पा मारण्याबद्दल बोलत नाहीये, तो अनुभव सांगून कळणारा नाहीच. एरवीच्या एखाद्या मंगळवारी त्या चौकात जाऊन उभे राहा. काहीच दिसणार नाही. आपण एका रिकाम्या हौदावर उभे आहोत एवढंच ठाऊक असेल, आणि पायाखालची जमीन वेगळी वाटायला लागेल. जे दिसत नाही तेही मांडणीत वापरता येतं, हे मला या रहाडीने शिकवलं.

२. एक वाक्य लिहा आणि त्याला फोटोची कसोटी लावा

नवखे लोक वस्तूपासून सुरू करतात. 'माझ्याकडे खूप बाटल्या आहेत, त्यांचं काहीतरी करू.' मग बाटल्यांचा ढीग होतो आणि त्याला पर्यावरणाचं नाव दिलं जातं. त्याऐवजी तुम्हाला मनापासून टोचणारी गोष्ट एका वाक्यात लिहा आणि विचारा: हे एका चांगल्या फोटोने सांगून होईल का? होत असेल तर फोटोच काढा, त्यात कमीपणा नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. समजा तुम्ही निफाड-लासलगावकडचे आहात आणि कांद्याच्या भावावर काम करायचं आहे. रस्त्यावर ओतलेल्या कांद्यांचा, डोक्याला हात लावून बसलेल्या शेतकऱ्याचा फोटो सगळ्यांनी इतक्यांदा पाहिलाय की आता नजर त्यावर थांबत नाही. खोलीत कांदे ओतून तुम्ही तोच फोटो पुन्हा उभा करणार असाल तर लोक तो पुन्हा सरकवतील, फक्त या वेळी पायांनी.

फोटोत काय येत नाही ते शोधा. भाव क्विंटलला बोलला जातो, पण शहरातल्या किती जणांच्या हाताला शंभर किलो माहीत आहेत? पन्नास किलोची एक गोणी दारात आडवी ठेवली आणि आत जायला ती दोघांनी मिळून सरकवावी लागली तर? वास येत नाही फोटोत. कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळी कांदा चार-सहा महिने टिकतो, पण मधला एखादा सडला की तो कुठे आहे हे नाकाने शोधावं लागतं. आणि चाळ स्वतः किती देखणी रचना आहे! तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी सोडून मारलेल्या पट्ट्या, हवा खालून वर खेळावी म्हणून. त्या फटींमधून आत पडणारे उन्हाचे पट्टे ज्याने एकदा पाहिलेत त्याला वेगळा प्रकाशयोजनाकार लागत नाही. बघा, तीन मुद्दे मिळाले: वजन, वास, फटीतला उजेड. पहिल्या कामाला यातला एकच घ्या. मी वजन घेईन.

३. चित्रांचाच कच्चा माल करायचा असेल तर

कधी कधी टोचणारी गोष्ट ही चित्रांची गर्दीच असते. नाशिककराला तर हा विषय घरचा आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, आणि नाशिकरोडच्या छापखान्यांतून कित्येक दशकं तिकिटं आणि नोटा बाहेर पडताहेत. एक प्रयोग करा. खिशातली वीस रुपयांची नवी नोट न काढता सांगा, तिच्या मागच्या बाजूला काय आहे? वेरूळची लेणी आहेत. वरून खाली कोरत आणलेला डोंगर रोज आपल्या हातातून जातो आणि आपण चहाचे पैसे देतो.

या गर्दीशी कलावंतांनी दोन उलट वाटांनी झुंज घेतली आहे. डच कलावंत एरिक केसेल्स यांनी २०११ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला, एका संकेतस्थळावर चोवीस तासांत चढवलेले फोटो कागदावर छापून खोल्यांमध्ये ओतले. लाखो फोटोंचे डोंगर, भिंतीला टेकलेले, लोक त्यावरून चालले. पडद्यावर ज्याला वजन नव्हतं त्याचा ढिगारा झाला.

विवान सुंदरम यांनी नेमकं उलट केलं. १९९३ च्या मुंबई दंगलीत रस्त्यावर पडून राहिलेल्या एका माणसाचा, छायाचित्रकार होशी जाल यांनी काढलेला फोटो वर्तमानपत्रात आला होता. दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणारा तो एकच फोटो सुंदरम यांनी हातात घेतला, त्यावर खिळे ठोकले, त्याच्याभोवती पत्र्याच्या ट्रंका रचून कमान उभी केली, आणि 'मेमोरियल' हे काम केलं. अनोळखी माणसाला अंत्यसंस्कारासारखा मान मिळाला. नवख्यांना मी हीच वाट सुचवते. हजार फोटो जमवण्यापेक्षा एक निवडा आणि महिनाभर त्याच्याबरोबर राहा.

तिसरी वाट अक्षरांची. जितिश कल्लाट यांनी २००७ मध्ये दांडीयात्रेच्या आदल्या संध्याकाळचं, ११ मार्च १९३० चं गांधीजींचं भाषण हाडांसारख्या दिसणाऱ्या ४,४७९ अक्षरांत मांडलं. फडताळांवर रांगेने ठेवलेली हाडं, आणि वाचत गेलं की अहिंसेचे शब्द. त्याच महिन्यात, २ मार्चला, आपल्या काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. त्या बंद दारांवर, त्यापुढे थांबलेल्या माणसांवर नाशिकमधल्या एखाद्या तरुण मुलाने किंवा मुलीने असं मोठं काम करावं, असं मला फार वाटतं.

४. सामान: हातात घेऊन निवडा

ऑनलाइन मागवू नका. पहिलं काम शहरात मिळणाऱ्या वस्तूंचं करा, कारण त्या बनवणाऱ्याशी बोलता येतं. लोखंडासाठी सातपूर-अंबडचे फॅब्रिकेटर आहेत. पत्र्याची जाडी गेजमध्ये (जाडी सांगायच्या ठरलेल्या आकड्यांत) सांगायची, मोजमापाचा साधा कागद न्यायचा आणि गर्दीच्या वेळी जायचं नाही. भंगारवाल्याकडे सकाळी जा, माल निवडलेला नसतो.

आणि भांडी. जुन्या नाशकात तांबटांकडे थोडा वेळ बसायला मिळालं तर सोडू नका. हंडा लोखंडी दांड्यावर उपडा धरून तो फिरवत फिरवत हातोडीने मठारतात. एक ठोका, किंचित फिरवणं, पुढचा ठोका. जवळून पाहिलं तर प्रत्येक ठोक्याची जागा नखाएवढी सपाट झालेली असते आणि ती स्वतंत्र आरशासारखी चमकते. तुम्ही मान हलवली की उजेड एका ठोक्यावरून दुसऱ्यावर पळतो, सबंध हंड्याभोवती धावून येतो. फोटोत त्याचा एक पांढरा डाग होतो. ठोके मारून पत्रा कडक होतो, म्हणून ही नक्षी नुसती शोभेची नसते, तिच्यामुळे हंड्याला सहज पोचे पडत नाहीत. पुढे हवेने तांबं काळपट होतं, ओल राहिली तर हिरवं चढतं, चिंचेने घासलं की पुन्हा गुलाबी. महिनाभर चालणाऱ्या मांडणीत हा बदलता रंग तुमच्या कामाचा भाग होऊ शकतो. सुबोध गुप्तांनी स्टीलची साधी भांडी जगभरच्या संग्रहालयांत नेली. मृणालिनी मुखर्जींनी दोऱ्यांच्या गाठी मारून माणसापेक्षा उंच देह उभे केले. चंद्रपूरच्या प्रभाकर पाचपुतेंनी आपल्या भागातल्या खाणींचं जग कोळशानेच भिंतींवर चितारलं. तिघांचंही सामान त्यांच्या ओळखीचं होतं.

वजनाचं गणित आधी करा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा ७.८५ किलोचा असतो. जाडी दुप्पट, वजन दुप्पट. पाणी लिटरला एक किलो. अडीच किलोचे तीस हंडे टांगले तर ७५ किलो, आणि प्रत्येकात दहा लिटर पाणी भरलं तर तोच आकडा ३७५ वर जातो. हे कागदावर दिसलं की बरीच स्वप्नं वेळेवर जमिनीवर येतात.

५. जागा आणि आत येण्याची वाट

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि मी ती चुकून शिकले.

एका जुन्या वाड्यात मी हंड्यांची मांडणी केली होती. चौकाला लागून असलेल्या खोलीत वेगवेगळ्या उंचीवर हंडे टांगले, छोट्या नळीतून प्रत्येकात थेंब थेंब पाणी पडेल अशी सोय केली. रिकामा हंडा, अर्धा भरलेला, काठोकाठ भरलेला, प्रत्येकाचा थेंबाचा आवाज वेगळा. माझं सगळं काम त्या आवाजात होतं. पहिल्या दिवशी लोक आले, उंबऱ्यात थांबले, 'वा!' म्हणाले, फोन वर केला, फोटो काढला आणि गेले. उंबऱ्यातून सगळे हंडे एका नजरेत सुंदर दिसत होते, मागून चौकातला उजेड येत होता. तिथून आवाज मात्र ऐकूच येत नव्हता. मी स्वतः ती मांडणी फोटोसाठी केली होती, हे मला संध्याकाळी कळलं.

रात्री आम्ही मुख्य दाराला गोणपाट लावलं आणि येण्याची वाट माजघरातून काढली. त्या दाराची चौकट बुटकी, प्रत्येकाला वाकावं लागे. वाकून आत आलं की माणूस थेट हंड्यांच्या मध्ये उभा, डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ, आणि तेवढ्यात कान उघडत. हंडे तेच, उंची तीच. दुसऱ्या दिवशी लोक थांबले. एक आजी हंड्याला कान लावून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या मोरीत असाच वाजायचा."

म्हणून मांडणीआधी जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढा. खोक्यांचा पुठ्ठा कापून वस्तूंच्या जागी उभा करा आणि ज्याला काही माहीत नाही अशा मित्राला आत पाठवा. तो कुठे थांबतो, कुठे वळतो, कुठे फोन काढतो, खुणा करा. सगळं दिसून जाईल अशी एकच जागा सापडली तर ती मोडा. उंचीचाही विचार करा: गुडघ्याएवढी वस्तू आपण सांभाळून ओलांडतो, छातीएवढी समोरासमोर येते, डोक्यावरची धाक दाखवते. वाट किमान तीन फुटांची हवी, व्हीलचेअर जायला हवी. बुटक्या दारातून ती जाणार नसेल तर दुसरी वाट द्या. त्या वाड्यात मी ती दिली नव्हती, याची खंत आहे.

आपल्या कांद्याच्या कामात गोणी दारातच हवी. आत काय असावं? माझ्या मते जवळजवळ काही नाही. फक्त सरकवलेल्या गोणीचा जमिनीवर उमटलेला ओरखडा.

घाटावर किंवा रस्त्यात करायचं असेल तर महापालिकेची आणि पोलिसांची लेखी परवानगी लागते, अर्ज महिनाभर आधी द्या. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात गोदाघाटावर असं काही आखू नका. तेव्हा वाडे, शाळेचे हॉल, गच्च्या बघा.

६. सुरक्षितता

इथे कलात्मक स्वातंत्र्य नसतं. टांगायच्या वजनाच्या पाचपट भार झेलणारी तार घ्या आणि प्रत्येक वस्तूला दुसरी, वेगळ्या ठिकाणी बांधलेली तार ठेवा. जुन्या वाड्याच्या तुळईला वाळवी आहे का ते टोकदार स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा आणि इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही टांगू नका. पाणी आणि वीज एका खोलीत असतील तर विजेची गळती झाली की आपोआप बंद होणारा ब्रेकर वायरमनकडून बसवून घ्याच. पत्र्याच्या कडा कानशीने मारा. लहान मुलं हात लावणारच, ते धरून चाला. गोणी सरकवायची आहे, उचलायची नाही, असं दारात मोठ्या अक्षरांत लिहा.

७. लोकांच्या फोनचं काय करायचं

बंदी घालू नका. ओलाफुर एलियासन यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये धुक्यात एक मोठा सूर्य उभारला आणि छताला आरसे लावले. लोक जमिनीवर आडवे पडून आरशात स्वतःला शोधत राहिले. खिशात आजच्यासारखे फोन नसतानाही माणसाला त्या जागेत आपण दिसावं असं वाटत होतं. ती ओढ जुनी आहे. तिला वेळ लावून द्या. मी आत येताना सांगते, 'आधी एक फेरी मारा, फोटो परत जाताना काढा.' बहुतेक जण ऐकतात, आणि परतीचा फोटो वेगळा येतो, कारण कुठे उभं राहायचं ते तोवर त्यांना सापडलेलं असतं.

तुमची स्वतःची नोंद मात्र नीट ठेवा. एका फोटोत माणूस असू द्या म्हणजे माप कळेल. दारापासून बाहेर पडेपर्यंत चालत घेतलेला, न तोडलेला व्हिडिओ आणि त्यातला खरा आवाज. शीर्षक, सामान, मापं, वर्ष. शिवाय रोज संध्याकाळी कुणी काय म्हणालं ते वहीत लिहा. माझ्याकडे त्या वाड्यातल्या कामाचे शंभर फोटो आहेत, पण ते काम परत उभं करायचं ठरलं तर मी आजींचं वाक्य लिहिलेलं पान उघडेन.

८. दुसऱ्यांची कामं, आणि आवराआवर

पंचवटी एक्सप्रेसने सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परतता येतं. सीएसएमटीपासून काळा घोडा चालत, तिथे जहांगीर कलादालन आणि समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. एका दिवसात दोनच कामं बघा, पण प्रत्येकाला अर्धा तास द्या. पैसे साठवून एकदा कोचीची बिएनाले, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, गाठा. २०१२ पासून ती भरते, जुन्या वखारींमध्ये. अनिश कपूर यांनी २०१४ मध्ये तिथे जमिनीत काळ्या पाण्याचा अखंड भोवरा फिरवला होता.

उतरवण्याचा दिवस मांडणीच्या दिवसाइतकाच आखा. हंडे ज्यांच्याकडून आणले त्यांना पुसून, मोजून परत द्या. भिंतीतली भोकं बुजवा. गोण्या दोन-तीन आठवड्यांत आतून ओल धरतात, तेव्हा त्याआधीच उघडा, चांगला कांदा वाटून टाका, सडलेला खताच्या खड्ड्यात घाला. गुरांपुढे टाकू नका, जास्त कांदा त्यांना बाधतो. आणि वाड्याच्या मालकांना सुरुवातीलाच सांगून ठेवा की वास भिंतींना थोडे दिवस राहील.